पात्र कुणाच्या मालकीचे? अतिमानवांच्या चित्रपट-व्यवसायाचा आढावा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता सातपूरच्या औद्योगिक वसाहतीवरून जातो. त्या रस्त्याच्या टोकाला, त्र्यंबकेश्वरात, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले आणि १९१७ साली त्यांनी ‘लंकादहन’मधून प्रेक्षकांना आकाशात उडणारा हनुमान दाखवला. याच नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात नव्वद वर्षांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या एका तरुणाने निळा-लाल पोशाख चढवला आणि अमेरिकेचा सुपरमॅन खानदेशाच्या वेशीवर उतरला. अतिमानवी नायकाची कल्पना, त्याच्यावर जीव टाकणारा प्रेक्षक आणि त्याला पडद्यावर उभे करणारे कारागीर हे सगळे आपल्याकडे पहिल्यापासून आहे. तरीही चित्रकथेतून पडद्यावर आलेल्या अतिमानवांचा शिस्तबद्ध आणि पिढ्यानपिढ्या चालणारा व्यवसाय अमेरिकेत उभा राहिला, आपल्याकडे राहिला नाही. असे का झाले, यावर गेली काही वर्षे बरीच चर्चा चालू आहे. ती आज कुठवर आली आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

१. अमेरिकेतला प्रवास: एकशे तीस डॉलरपासून चार अब्जांपर्यंत

जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरला विकले. त्याच वर्षी ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो झळकला. पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज या एका व्यवहारात आहे. पात्र निर्मात्याच्या हातून सुटले, कंपनीची मालमत्ता झाले आणि मालमत्ता झाल्यामुळेच ते पुन्हा पुन्हा भाड्याने देता आले.

सुरुवातीची भाडी लहान होती. १९४१ मध्ये फ्लायशर स्टुडिओने सुपरमॅनची ॲनिमेशनपटांची मालिका काढली. त्याच वर्षी रिपब्लिक कंपनीने ‘कॅप्टन मार्व्हल’वर बारा भागांची साप्ताहिक मालिका केली, तर १९४३ मध्ये कोलंबियाने बॅटमॅनवर. आठवड्याला एक भाग दाखवून पोरांना पुन्हा चित्रगृहात खेचायचे, हा त्यामागचा हिशोब होता. खर्च बेताचा आणि प्रतिष्ठा त्याहून कमी.

चित्र पालटले ते १९७८ च्या ‘सुपरमॅन’ने. साल्किंड पितापुत्रांनी हक्क घेऊन मोठ्या पैशाने आणि मोठ्या नटांना घेऊन हा चित्रपट काढला, वितरण वॉर्नरने केले. तोवर सीगल आणि शुस्टर हलाखीत दिवस काढत होते. त्याची जाहीर वाच्यता झाल्यावर १९७५ मध्ये त्यांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत नाव मिळाले. १९८९ च्या ‘बॅटमॅन’ने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. टी-शर्ट, खेळणी, बिल्ले यांची उलाढाल तिकीटखिडकीला मागे टाकू शकते, आणि तिचा वाटा मिळतो तो पात्राच्या मालकाला.

याच्या उलटी कथा मार्व्हलची. १९९६ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली. १९९८ मध्ये ‘टॉय बिझ’ या खेळण्यांच्या कंपनीने तिला आपल्यात सामावून घेतले. याच दशकात एक्स-मेनचे चित्रपट-हक्क फॉक्सकडे आणि स्पायडर-मॅनचे सोनीकडे गेले. २००२ चा ‘स्पायडर-मॅन’ तुफान चालला, पण मोठा नफा सोनीच्या तिजोरीत पडला. हा धडा घेऊन २००५ मध्ये मार्व्हलने दहा पात्रांचे चित्रपट-हक्क तारण ठेवले आणि मेरिल लिंचच्या मध्यस्थीने ५२.५ कोटी डॉलरचे कर्ज उभारले. चित्रपट स्वतः काढायचे, आणि ते फसले तर पात्रे जाणार, असा तो डाव होता. २००८ चा ‘आयर्न मॅन’ चालला आणि २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरला मार्व्हल विकत घेतली. एका चित्रपटातले पात्र दुसऱ्यात आणि दुसऱ्यातले तिसऱ्यात नेण्याची पद्धत २०१२ च्या ‘द अव्हेंजर्स’पासून रुळली. २०१९ च्या ‘एंडगेम’ने जगभरात जवळजवळ २.८ अब्ज डॉलर गोळा केले. त्यानंतर उतार लागला आणि २०२३ चा ‘द मार्व्हल्स’ त्या मालिकेतला सर्वांत कमी गल्ल्याचा चित्रपट ठरला.

या प्रवासातले तंत्र बदलत गेले, अभिरुचीही बदलली. सूत्र मात्र तेच राहिले. पात्राच्या मालकीचा कागद ज्याच्याकडे, धंदा त्याचा.

२. नाशिक आणि मुंबई: मालकाविना नायक

आपल्याकडचा आरंभ वेगळ्या पायावर झाला. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून इंग्लंड गाठले, कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लावला. त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८), ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांत युक्तिछायाचित्रणाने घडवलेले चमत्कार होते. सामान्य माणसाला न जमणारे करून दाखवणारा नायक हा त्यांचा प्राण होता. ‘लंकादहन’ची मद्रासमधली मिळकत नाण्यांच्या गोण्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, अशी आठवण सिनेमाच्या इतिहासात सांगितली जाते.

या यशावर भांडवल धावून आले. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि वामनराव आपटे यांच्यासारखे भागीदार तिच्यात आले. फाळके कारागीर होते, दिग्दर्शक होते, संशोधक होते. त्यांचे भागीदारांशी पटले नाही, ते मध्यंतरी काशीला निघून गेले आणि पुढे परतले. आयुष्याची अखेर त्यांनी नाशिकलाच ओढगस्तीत काढली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते गेले.

फाळक्यांचे नायक कुणाच्याच मालकीचे नव्हते. हनुमान, कृष्ण, राम यांच्यावर कुणीही चित्रपट काढू शकत होता आणि अनेकांनी काढले. प्रेक्षकाला पात्राची ओळख करून द्यावी लागत नव्हती, हा मोठा फायदा. ते पात्र स्पर्धकाला वापरू न देण्याची सोय नव्हती, हा तेवढाच मोठा तोटा.

मालकीचे पात्र जवळजवळ हाती आले होते ते मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनच्या. १९३५ मध्ये जेबीएच आणि होमी वाडिया या भावांनी ‘हंटरवाली’ काढला. त्यातली मुखवटा घातलेली, घोडा फेकणारी, चाबूक चालवणारी नाडिया हिंदुस्थानभर गाजली. तिच्या नावाचे चाबूक आणि पट्टे बाजारात आले, पण ती विक्री वाडियांच्या हिशोबात आली नाही. पात्राच्या नावावर माल विकून त्यावर स्वामित्वधन घेण्याची व्यवस्थाच तेव्हा आपल्याकडे नव्हती.

३. चित्रकथा भरभराटल्या, पडदा दूर राहिला

मुंबईतून टाइम्स समूहाने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉकचा फँटम मराठी घरांत वेताळ म्हणून शिरला, मँड्रेकही आला. ही पात्रे अमेरिकेतल्या किंग फीचर्सकडून परवान्याने घेतलेली होती. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ हा देशी नायक याच मालिकेत आणला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झाले. इंद्रजालमधूनच बाहेर पडून अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. तिने पुराण आणि इतिहासातले नायक घराघरांत पोहोचवले, पण ते नायकही सर्वांच्या मालकीचे.

स्वतःच्या मालकीची देशी पात्रे पद्धतशीर उभी केली ती दिल्लीच्या राज कॉमिक्सने. १९८०च्या दशकात आलेल्या नागराजला त्याचे गाजलेले रूप दिले पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी. अमर चित्रकथेचे अनेक अंकही त्यांच्याच कुंचल्यातून उतरले. पुण्याच्या एका चित्रकाराच्या हाताने हिंदी पट्ट्यातल्या मुलांची एक पिढी वाढली, ही आपल्या चित्रकलेची मोठी आणि दुर्लक्षित कामगिरी आहे. नागराजच्या मालकीचा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. दुसऱ्या प्रकाशकाने ‘नागेश’ नावाचे सारखेच पात्र काढल्यावर १९९०च्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयाने राज कॉमिक्सच्या बाजूने मनाई आदेश दिला. म्हणजे कायदा पात्राचे रक्षण करू शकत होता. चित्रपट मात्र आला नाही. राज कॉमिक्सच्या ‘डोगा’वर चित्रपट काढण्याच्या गोष्टी अनेकदा झाल्या, पडद्यावर काही उतरले नाही.

४. नट हेच पात्र

हिंदी सिनेमाने या काळात वेगळी वाट धरली होती. १९८३ च्या सुमारास ‘सुप्रीमो’ नावाची चित्रकथा-मालिका निघाली. तिचा नायक अमिताभ बच्चन यांच्यावर बेतलेला होता आणि चित्रे मुळीक यांचीच होती. अमेरिकेत चित्रकथेतून सिनेमा निघत होता, आपल्याकडे सिनेमातल्या नटावरून चित्रकथा निघाली. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) आणि ‘शहेनशाह’ (१९८८) गाजले ते नटांच्या नावावर. नट बदलला की पात्र संपायचे.

पात्र नटापेक्षा मोठे झाले ते दूरदर्शनवर. १९९७ मध्ये सुरू झालेल्या मुकेश खन्नांच्या ‘शक्तिमान’ने देशभरची मुले खिळवून ठेवली. त्यावर चित्रपट काढण्याची घोषणा सोनीने २०२२ मध्ये केली, तो अजून यायचा आहे. राकेश रोशन यांच्या ‘क्रिश’ (२००६) आणि ‘क्रिश ३’ (२०१३) यांनी एका कुटुंबाच्या मालकीची मालिका उभी केली. २०११ च्या ‘रा.वन’ने खेळणी, गेम, जाहिराती असा अमेरिकी धर्तीचा सगळा पसारा मांडला, पण प्रेक्षकांनी पात्राला घरात घेतले नाही. याउलट हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने २००८ पासून ‘छोटा भीम’ची मालकी हातात ठेवली. मालिका, चित्रपट, दुकाने, दप्तरे, डबे असा एकसंध व्यवसाय तिने उभा केला. मुलांच्या क्षेत्रात का होईना, मालकीचे गणित आपल्याकडे जमू शकते, याचा हा ठसठशीत पुरावा आहे.

५. मालेगाव: हक्काविना, भांडवलाविना

या इतिहासात मालेगावचे स्थान निराळे आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच लोकांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. चित्रण व्हिडिओ कॅमेऱ्यावर, पैसा मित्रमंडळींचा, प्रेक्षक शुक्रवारी सुटी असलेला यंत्रमाग कामगार. त्यानंतर आला ‘मालेगाव का सुपरमॅन’. फरोग जाफरी लेखक आणि शफीक शेख नायक. हिरव्या पडद्यासमोर उडणारा हा सुपरमॅन गावाला पोखरणाऱ्या तंबाखूच्या खलनायकाशी लढला. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि तो जगभरच्या महोत्सवांत फिरला. रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी देशभर लागला.

मालेगावकरांचे सर्वांत दूर गेलेले पात्र त्यांच्या मालकीचे नव्हते. म्हणून त्याच्या जोरावर व्यवसाय वाढवण्याची वाट पहिल्यापासून बंद होती. त्यांच्या जिद्दीची कहाणी दूर गेली. तिच्यातून माहितीपट आणि मोठ्या निर्मितीसंस्थांचा चित्रपट घडला. अतिमानवाच्या अर्थकारणात कल्पकता आणि मालकी किती वेगळ्या वाटेने जातात, हे समजून घ्यायला नाशिक जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही.

६. आजचे चार मतप्रवाह

या सगळ्या पार्श्वभूमीवर आज चार भूमिका प्रामुख्याने मांडल्या जातात.

पहिली भूमिका पुराणकथांची. आपल्या प्रेक्षकाला वेगळा अतिमानव लागत नाही, रामायण-महाभारतात तो आधीच आहे, असे हे मत. २००५ चा व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ हा ॲनिमेशनपट आणि २०२४ चा प्रशांत वर्मा यांचा तेलुगू ‘हनुमान’ हे त्याचे दाखले. दुसऱ्याचा खर्च सुमारे ४० कोटी आणि जगभरचा गल्ला सुमारे ३०० कोटी सांगितला गेला. नितेश तिवारींच्या ‘रामायण’चे दोन भाग २०२६ आणि २०२७ च्या दिवाळीसाठी जाहीर झाले आहेत, त्यावरही हीच श्रद्धा भांडवल लावते आहे. आक्षेप असा की श्रद्धेच्या पात्रांना खेळकरपणे बदलता येत नाही आणि त्यांच्यावर कुणाचाच एकहाती हक्क नसल्यामुळे दीर्घ मालिकेचा पाया कच्चा राहतो.

दुसरी भूमिका भांडवल आणि तंत्राची. ही मंडळी म्हणतात की कमतरता पैशाची होती आणि आता ती भरून निघते आहे. मुंबईच्या प्राइम फोकसने २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्ह या दृश्यपरिणाम कंपनीशी विलीनीकरण केले. आज डीनेग नावाने ओळखली जाणारी ही कंपनी हॉलिवूडच्या मोठ्या अतिमानवपटांवर काम करते आणि मुंबईतले कलाकार त्यात राबतात. सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकाला यातली मेख लगेच कळेल. हे जॉब वर्क आहे. ड्रॉइंग दुसऱ्याचे, सुटा भाग आपला, ब्रँड आणि नफा दुसऱ्याचा. कौशल्य वाढते हे खरे, पण कौशल्यातून मालकी आपोआप येत नाही, असे टीकाकार म्हणतात. ‘ब्रह्मास्त्र’वर (२०२२) मोठा खर्च झाला, दृश्येही भव्य झाली, तरी लेखन कमकुवत असल्याची तक्रार राहिलीच.

तिसरी भूमिका लोककथा आणि प्रादेशिकतेची. ‘मिन्नल मुरली’ (२०२१) या मल्याळम चित्रपटाने केरळच्या खेड्यातला शिंपी नायक केला. २०२५ चा ‘लोका’ यक्षिणीच्या लोककथेवर उभा राहिला आणि मल्याळम सिनेमाचे गल्ल्याचे विक्रम त्याने मोडले. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने (२०२४) कोकणातली पिंपळावरची भुताची गोष्ट ‘स्त्री’ आणि ‘भेडिया’ यांच्या साखळीत ओवली. मुंज्या हा अतिमानव नव्हे, पण चित्रपटांची साखळी बांधण्याची रीत तीच आहे. बेताचा खर्च, ओळखीची माती आणि नव्याने घडवलेले, म्हणून मालकी सांगता येईल असे पात्र, हे या वाटेचे बळ. मराठीसाठी यात एक खंतही आहे. गोष्ट आपल्या कोकणची, दिग्दर्शक आपला, चित्रपट मात्र हिंदी.

चौथी भूमिका बाजारपेठेची. डबिंगमुळे आता परदेशी पात्रेच आपल्या भाषा बोलतात, मग स्वतंत्र पात्राचा खटाटोप कशाला, असे ती विचारते. ‘एंडगेम’ने २०१९ मध्ये भारतात साडेतीनशे कोटींहून अधिक कमावले. २०२३ चा ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत लागला आणि त्यांत मराठीही होती. त्यातला मुंबईसारख्या शहरात राहणारा पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन २००४ च्या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ या चित्रकथेतून आला. शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि जीवन कांग यांनी तो रचला, मालकी मार्व्हलची. या भूमिकेच्या बाजूने सोय आहे आणि मराठी कानाला मिळालेला मानही आहे. विरोधात एवढेच की भाषा आपली झाली तरी पात्राच्या भविष्याचा निर्णय परक्या कार्यालयात होतो.

७. मराठीचे काय?

मराठीत धाडसी बालनायकाची परंपरा भक्कम आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांतून दूरदर्शनवर आणि २०१७ मध्ये अमेय वाघच्या रूपाने मोठ्या पडद्यावर आला. निखिल महाजन यांनी २०१५ च्या ‘बाजी’मध्ये श्रेयस तळपदेला घेऊन मुखवट्याआडचा मराठी नायक उभा करण्याचे धाडस केले. त्यानंतर ती वाट पुढे गेली नाही. मराठीची तिकीटखिडकी लहान आहे, हिंदीशी तिची रोजची स्पर्धा आहे आणि मराठीत नियमित निघणारी नायकप्रधान चित्रकथा-मासिके जवळजवळ नाहीत. पात्र वाचकाच्या मनात मुरायला जी वर्षे लागतात, ती देणारी जागाच उरलेली नाही. पात्राची सवय लावण्याचे जे काम अमेरिकेत दर महिन्याच्या अंकाने दशकानुदशके केले, ते मराठीत कुणी करायचे, हा खरा पेच आहे.

८. न सुटलेले प्रश्न

काही प्रश्न सगळ्याच मतप्रवाहांना अडवतात.

पहिला कायद्याचा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ‘पात्र’ असा स्वतंत्र वर्ग नाही. न्यायालयांनी प्रकरणागणिक संरक्षण दिले आहे. नागराजनंतर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘चुलबुल पांडे’च्या निमित्ताने ठसठशीत पात्राला संरक्षण मिळू शकते असे मत दिले. पण गुंतवणूकदाराला पात्रावर कर्ज द्यायचे तर त्याला याहून पक्की खात्री हवी असेल.

दुसरा निर्मात्याच्या वाट्याचा. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या साहित्यकृती आणि संगीतकृती यांच्या लेखक-संगीतकारांना चित्रगृहाबाहेरच्या वापरावर स्वामित्वधनाचा हक्क दिला, जो लिहून देऊनही सोडता येत नाही. चित्रकथेच्या चित्रकाराला अशी ढाल कुठे आहे? सीगल आणि शुस्टर यांचे जे झाले तेच आपल्याकडच्या चित्रकारांचे होणार असेल, तर मालकीची व्यवस्था बळकट होऊनही अन्याय तसाच राहील.

तिसरा थकव्याचा. २०२३ नंतर अमेरिकी अतिमानवपटांची पकड सैल झाली. हा थकवा प्रकाराचा आहे की अतिरेकी उत्पादनाचा, यावर एकमत नाही. ‘लोका’ आणि ‘हनुमान’ यांचे यश दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवते, पण दोन-चार चित्रपटांवरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

चौथा प्रेक्षकाचा. शक्तिमानच्या काळी दूरदर्शन एका वेळी देशभरच्या घरांत पोहोचत होते. आज मोबाइलवर प्रत्येकाचा पडदा वेगळा आहे. पात्राला लाखो घरांत एकदम पोहोचवणारे ते माध्यम आता नाही आणि त्याची जागा कोण घेणार हे ठरलेले नाही.

९. आजचे चित्र

थोडक्यात, आपल्याकडे अतिमानवांचा तुटवडा कधीच नव्हता. पुराणांनी ते दिले, नटांनी दिले, मुळीकांसारख्या चित्रकारांनी दिले आणि मालेगावने तर हातात काही नसताना दिले. कमी पडली ती पात्र घडवणे, त्याची मालकी नीट लिहून ठेवणे, घडवणाऱ्याला वाटा देणे आणि वर्षानुवर्षे त्याच्यावर काम करत राहणे ही साखळी. अमेरिकेने तिचे पहिले, दुसरे आणि चौथे काम केले, तिसरे बहुतेक वेळा न्यायालयाच्या आणि जनमताच्या दबावाखाली. मराठीला चारही कामे एकत्र करण्याची संधी अजून आहे, कारण आपल्याकडे ही इमारत अजून बांधायचीच आहे. त्यासाठी पहिल्या टप्प्यात ‘अव्हेंजर्स’एवढे भांडवल लागत नाही. लागतो तो न चुकता निघणारा चित्रकथेचा अंक, त्यातल्या लेखक-चित्रकाराशी केलेला स्वच्छ करार आणि पहिले पाच चित्रपट चालले नाहीत तरी सहावा काढण्याची तयारी. फाळक्यांच्या आणि नासिर शेख यांच्या जिल्ह्याने तयारी दोनदा दाखवली आहे. कराराचे काम आता निर्माते, प्रकाशक आणि कायदेतज्ज्ञ यांनी हाती घ्यायला हवे.